आतपर्यंत चढलेला रंग

“पेशीला भिंत, आणि आरपार ये-जाही चालते म्हणतोस? ही कसली रे भिंत?”

आमच्या गुरूंनी, धोंडबुवांनी विचारलं. जयदेव हसला. मठात येण्याआधी तो पेशींवर संशोधन करायचा, आणि हे तो दिवसातून एकदा तरी आम्हाला ऐकवायचाच. आज त्याचा संन्यास होता. समोर बादलीत गेरू कालवलेला, त्यात त्याची कोरी छाटी बुडवलेली.

दाराच्या पायरीवर त्याची बहीण कुमुद बसली होती. आईचं आता काही खरं नव्हतं, ती सारखं याचंच नाव घेत होती. एकदा तोंड दाखव, एवढंच मागायला ती आली होती. यानं तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

“भिंत नव्हे बुवा, पटल. स्निग्ध रेणूंचे दोन थर. डोकी पाण्याकडे, शेपट्या आत, एकमेकींकडे. मधे प्रथिनांची दारं. कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, ते तिथं ठरतं. थोडं कोलेस्टेरॉल, म्हणजे पटल फार ताठ नाही, फार सैलही नाही.”

“आणि तुझं पटल?”

“उरलंच नाही. आत-बाहेर एक झालं. ही सकाळपासून रडतेय... मी काही अडवत नाही. येतं तसं जातं. मला काही होत नाही.”

काय तो तोरा! मी तिथंच कोठीचे गहू निवडत होतो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बुवांनी बादलीतली छाटी एकदा खालीवर केली.

“पेशी जिवंत की मेलेली, कसं ओळखायचं?”

“सोपंय. निळा रंग टाकायचा. जिवंत पेशी त्याला आत येऊ देत नाही.”

“आणि मेलेली?”

“तिचं पटल फाटलेलं असतं. ती काही अडवत नाही. पार आतपर्यंत निळी...”

तो थांबला. बादलीकडे बघत राहिला.

बुवा वाट बघत होते. पायरीवरची कुमुदही मान वर करून बघत होती.

त्यानं तिकडे पाहिलं नाही.

बुवांनी छाटी उचलली, पिळली, उजेडात धरली आणि त्याच्या हातात दिली.

“छान चढलाय रंग. नेस.”

मग ते पायरीकडे वळले.

“पोरी, तुझा भाऊ गेला. घरी जाऊन अंघोळ कर.”