वैजूच्या फाइलचा उजवा रकाना

एका गावात एक मुलगी होती आणि तिच्याकडे सल्ल्यांचा कधीच तुटवडा नव्हता. नाव वैजयंता खिलारे, पण गाव तिला वैजू म्हणे. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून रुसली, की वैजू सांगायला हजर. कुणी विचारलं नाही म्हणून तिचं कधी अडलं नाही. घरच्यांना वाटे, पोरगी काय छान समजावून सांगते. एकदा शेजारच्या हौसाबाई म्हणाल्या की खचलेल्या माणसांना आधार द्यायचं शिक्षण तालुक्याच्या कॉलेजात मिळतं आणि पुढं नोकरीही लागते. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. वैजूनं त्याच आठवड्यात नाव घातलं.

कॉलेजात मात्र पंचाईत झाली. निकाळजे मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं की या कामात कान मोठे लागतात, जीभ नाही. वैजूनं ते वाक्य वहीत सुबक अक्षरात उतरवून घेतलं. मग मधल्या सुट्टीत तीन मैत्रिणींना ते अर्धा तास समजावून सांगितलं.

दुसऱ्या वर्षी परीक्षेला एक फाइल असे. विद्यार्थ्यानं एका दुःखी माणसाच्या घरी आठ वेळा जायचं आणि प्रत्येक भेटीची नोंद लिहायची. पानावर दोन रकाने असत. डावीकडे समोरचा माणूस काय बोलला ते, उजवीकडे विद्यार्थी काय बोलला ते. गेल्या वर्षी वैजूच्या फाइलीत डावीकडे "हं", "बरं" आणि एकदा "पाणी देऊ का?" एवढंच होतं. उजवा रकाना पुरला नाही म्हणून तिनं पुरवण्या जोडल्या होत्या. मॅडमनी लाल शाईनं शेरा मारला, "या दोघांपैकी दुःखी कोण, ते कळत नाही." वैजू नापास झाली. यंदा पुन्हा नापास झालीस तर कॉलेज बंद, असं वडिलांनी बजावलं. त्या घरात कमी बोलणारे तेवढे एकटेच, त्यामुळे त्यांचा शब्द मोडायची सोय नव्हती.

यंदा वैजूनं गल्लीतल्याच यमुनाबाई धुमाळांचं घर धरलं. दिवाळीत त्यांचे मालक नारायणराव गेले, तेव्हापासून बाईंनी उंबरा ओलांडला नव्हता. किराणासुद्धा हौसाबाई आणून देत. अख्खा गाव येऊन समजूत घालून गेला. यमुनाबाई "त्या दिवशी सकाळी मी त्यांना" एवढं म्हणायच्या, की आलेलं माणूस म्हणे, "जाऊ द्या हो, आता ते उगाळून काय उपयोग?" आणि मग स्वतःच्या मामेसासऱ्याचं आजारपण पहिल्यापासून सांगायला घेई.

वैजूही काही कमी नव्हती. सात भेटींत तिनं यमुनाबाईंना पहाटे फिरण्याचे फायदे सांगितले, भजनी मंडळाचं महत्त्व पटवलं आणि शेळीपालनाची सरकारी योजना तर दोनदा सांगितली. यमुनाबाई "हं" म्हणाल्या. सातव्या भेटीनंतर वैजूनं फाइल चाळली आणि डावा रकाना पुन्हा पुन्हा तपासला. यंदा तर पाणीसुद्धा कुणी विचारलेलं नव्हतं.

उरली एक भेट. आता हातचं राखायचं नाही, असं ठरवून वैजूनं बारा मुद्दे काढले, कागदावर लिहिले आणि पाठ केले. पहिलाच मुद्दा होता, मरण कुणाला चुकलं नाही.

चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं आणि घरोघरी वाळवणं सुरू होती. हौसाबाईंनी उडदाच्या पापडाचं पीठ कुटून त्याचा उंडा यमुनाबाईंपुढं आणून ठेवला. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही, एवढं लाटून द्या, असं म्हणून त्या निघून गेल्या. घरबसल्या काम म्हणून यमुनाबाईंनी दोऱ्यानं लाट्या कापल्या आणि पोळपाट पुढं ओढला. तेवढ्यात वैजू येऊन बसली.

"काकू, माणसाचं कसं असतं," वैजूनं सुरुवात केली.

आता पापड लाटायच्या वेळी जो घरात येईल त्याच्या हातावर लाटी ठेवायची, ही त्या गावाची रीत. मन थाऱ्यावर नसलं तरी हात रीत विसरत नाही. यमुनाबाईंनी एक लाटी तेलात बुडवली आणि वैजूपुढं धरली. लाटीला नाही म्हणणारं माणूस त्या गावात जन्माला आलेलं नाही. वैजूनं ती अख्खी तोंडात टाकली.

ज्यांनी लाटी खाल्ली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. हौसाबाईंनी पीठ चांगलंच चिवट कुटलं होतं. वरचे दात खालच्या दातांत रुतले आणि जीभ टाळूला जाऊन बसली. बारा मुद्दे आतच राहिले.

यमुनाबाईंनी एक पापड लाटून बाजूला ठेवला. मग खाली बघतच त्या म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी मी त्यांना उपाशी घालवलं."

"जाऊ द्या काकू" हे शब्द वैजूच्या घशापर्यंत आले, पण पुढं वाट बंद होती. आणि कुणी अडवलं नाही म्हणून यमुनाबाई पहिल्यांदाच पुढं बोलल्या. त्या सकाळी पिठलं खारट झालं होतं. नारायणराव तसं म्हणाले. यमुनाबाईंना राग आला आणि त्या म्हणाल्या, रोज नावंच ठेवायची असतील तर जेवू नका. ते मुकाट्यानं उठले आणि शेतावर गेले. दुपारी लोकांनी त्यांना उचलूनच आणलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

"भरल्या ताटावरनं उठवलं गं मी त्यांना," यमुनाबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षांत एकदाच. आणि तेच शेवटचं झालं."

वैजूला भरून आलं. ही बाई पाच महिने हे एक वाक्य उराशी धरून बसली होती आणि आपण तिला शेळ्या पाळायला सांगत होतो. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एव्हाना तोंडातली लाटी संपली होती. जीभ मोकळी झाली होती. यमुनाबाईंनी लाटणं थांबवून वर पाहिलं, कारण आता समोरचं माणूस बोलायला लागणार, हे त्यांना सवयीनं माहीत होतं. वैजूचा पहिला मुद्दा अगदी ओठावर आला. तिनं हात पुढं केला आणि आपणहून दुसरी लाटी उचलून तोंडात टाकली. त्यातल्या त्यात मोठी बघून.

यमुनाबाई पुन्हा बोलायला लागल्या. दीड तास बोलल्या. मध्ये ढसाढसा रडल्या. मग मालक लग्नाच्या पंगतीतसुद्धा भाजीवर वरून मीठ मागून घ्यायचे ते आठवलं आणि जरा हसल्याही. वैजूनं अकरा लाट्या खाल्ल्या. यंदा पापड एवढे कमी कसे भरले, याचा उलगडा हौसाबाईंना अजून झालेला नाही.

घरी येऊन वैजू फाइल लिहायला बसली. डावा रकाना पाच पानं भरला. उजव्या रकान्यात लिहिण्यासारखं एकच होतं, "लाटी खाल्ली." असं अकरा वेळा. तिनं कॉलेजातल्या मैत्रिणीला फोन लावला. मैत्रीण म्हणाली, वेडी आहेस का, ते बारा मुद्दे तिथं घाल, मॅडम काय बघायला आल्या होत्या? वैजूनं मुद्द्यांचा कागद हातात घेतला. वर्षाचा प्रश्न होता. पण त्यातला एक मुद्दा जरी तिथं बोलली असती, तर डावीकडची पाच पानं कोरी राहिली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं फाइल होती तशी बंद केली, पोटासाठी ओवा खाल्ला आणि झोपली. सकाळी फाइल कॉलेजात देऊन आली.

चार दिवसांनी निकाळजे मॅडम फाइल घेऊन थेट गावात आल्या. ही थट्टा असेल तर तू नापास, असं त्यांनी वैजूला सांगितलं आणि यमुनाबाईंचं घर दाखवायला लावलं. घराला कडी होती. यमुनाबाई पलीकडे हौसाबाईंच्या ओट्यावर गप्पा मारत बसल्या होत्या. दिवाळीपासून पहिल्यांदाच त्या उंबऱ्याबाहेर आल्या होत्या.

मॅडमनी विचारलं, "बाई, या मुलीनं तुम्हाला काय सांगितलं?"

"काय सांगितलं म्हणता? दीड तास बोलत होती," यमुनाबाई म्हणाल्या. "इतकं चांगलं मला आजवर कुणी समजावलं नाही."

"पण नेमकं काय म्हणाली?"

यमुनाबाईंनी खूप आठवून पाहिलं. "शब्द काही ध्यानात नाहीत, बाई. पण सगळं पटलं."

मी एक अक्षरही बोलले नव्हते, हे सांगायला वैजूनं तोंड उघडलं. मग मॅडमकडे पाहिलं आणि मिटलं. मॅडमनी तिथंच ओट्यावर फाइल उघडली, उजवा रकाना पुन्हा एकदा वाचला आणि खाली लाल शाईनं लिहिलं, "उत्तीर्ण."

तात्पर्य: दुःखी माणसाला शहाणपण सांगण्याआधी त्याचं पोटभर ऐकून घ्यावं, ऐकून झालं की सांगण्यासारखं फारसं उरत नाही.