चौथी बादली कोणाची?

मंगळवार. सकाळचे सात. गोदूमावशीचं परस.

परसात भोपळ्याचा वेल. वेलाला एकच भोपळा. केवढा? बसलेल्या म्हशीएवढा.

वेलाला एक कुरळी दोरी. ती दोरी म्हणजे टिंबूचा झोका. टिंबू कोण? हिरवा नाकतोडा. करंगळीएवढा.

टिंबू आला. टुणुक टुणुक. झोक्यावर बसला. झोका हललाच नाही. नुसता लोंबला. टिंबू पडला चिखलात. पचाक.

टिंबू चिडला. "माझा झोका कोणी बिघडवला? मला उत्तर पाहिजे."

वेल म्हणाला, "माझं खोड सडतंय. बघ, कसं मऊ पडलंय. बुडाशी साचलेलं पाणी हटेल, तर सावरेन."

टिंबू गेला पाण्याकडे. टुणुक टुणुक.
"पाण्या पाण्या, हट ना.
वेल सावरेना,
माझा झोका हलेना."
पाणी म्हणालं, "मी नाही जा. वाट कुठाय मला? खुरपं चर खणेल, तर हटेन."

टिंबू गेला खुरप्याकडे. टुणुक टुणुक.
"खुरप्या खुरप्या, खण ना.
पाणी हटेना,
वेल सावरेना,
माझा झोका हलेना."
खुरपं म्हणालं, "मी नाही जा. मला काय पाय आहेत? मावशी उठेल, तर खणीन."

मावशी नळापाशी बसली होती. बादली भरत होती. टिंबू गेला तिच्याकडे. टुणुक टुणुक.
"मावशी मावशी, ऊठ ना.
खुरपं खणेना,
पाणी हटेना,
वेल सावरेना,
माझा झोका हलेना."
मावशी म्हणाली, "मी नाही जा. मला भोपळा हत्तीएवढा करायचाय. ही बादली त्यालाच घालणार. बादली फुटेल, तर उठेन."

टिंबू गेला बादलीकडे. टुणुक टुणुक.
"बादली बादली, फूट ना.
मावशी उठेना,
खुरपं खणेना,
पाणी हटेना,
वेल सावरेना,
माझा झोका हलेना."
बादली म्हणाली, "मी नाही जा. उगीच कशाला फुटू? उंदीर कुरतडेल, तर फुटेन."

टिंबू गेला उंदराकडे. टुणुक टुणुक.
"उंदरा उंदरा, कुरतड ना.
बादली फुटेना,
मावशी उठेना,
खुरपं खणेना,
पाणी हटेना,
वेल सावरेना,
माझा झोका हलेना."
उंदराने बिळातून नाक काढलं. पटकन आत घेतलं. म्हणाला, "मी नाही जा. बाहेर बोका बसलाय. बोका झोपेल, तर कुरतडीन."

बोका बसला होता पायरीवर. पंजे चाटत. पंजे ओले होते. टिंबू गेला त्याच्याकडे. टुणुक टुणुक. पण जरा लांबच थांबला.
"बोक्या बोक्या, झोप ना.
उंदीर कुरतडेना,
बादली फुटेना,
मावशी उठेना,
खुरपं खणेना,
पाणी हटेना,
वेल सावरेना,
माझा झोका हलेना."
बोका म्हणाला, "मी नाही जा. झोपच येत नाही. कोणी अंगाई म्हणेल, तर झोपेन."

टिंबूने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. कोणीच नव्हतं.

"बरं. मग मीच म्हणतो."

किर्र किर्र. किर्र किर्र.
बोक्याचा एक डोळा मिटला.
किर्र किर्र. किर्र किर्र.
दुसरा डोळा मिटला. घुर्रर्र.

बोका झोपला.
उंदीर आला. कुरतडू लागला. कुर्रम कुर्रम.
बादली फुटली. भस्सकन.
मावशीचे पाय भिजले. मावशी उठली.

वेलापाशी गेली. खोडाला बोट लावलं. बोट आत रुतलं. मग तिने खुरपं उचललं.

खुरप्याने चर खणला. खचाक खचाक.
पाणी हटलं. सर्रर्र.
मावशीने सडका भाग खरवडून काढला. तिथे कोरडी राख लावली. वरची पानं बाजूला केली. खोडाला ऊन लागलं. खोडाला वारा लागला.

बुधवारी खोड कोरडं. शुक्रवारी खोड टणक.

वेल सावरला. त्याला नवी कुरळी दोरी फुटली. टिंबू बसला. झोका हलला. झुईई झुईई.

पण टिंबूचा प्रश्न बाकी होता. झोक्यावरूनच त्याने विचारलं, "एवढं पाणी कोणी घातलं? मला उत्तर पाहिजे."

मावशी म्हणाली, ती रोज एकच बादली घालते.
मावशीचे यजमान काका म्हणाले, मावशी विसरते असं त्यांना वाटायचं. म्हणून ते एक घालायचे. गुपचूप.
शेजारच्या शेवंताकाकू म्हणाल्या, दोघंही विसरतात असं त्यांना वाटायचं. म्हणून त्या एक घालायच्या. गुपचूप.

एक. दोन. तीन.

पण चिखलात बादलीचे गोल ठसे होते चार. चिखल आता वाळलाय. ठसे तिथेच आहेत. टिंबूने दोनदा मोजले.

चौथी बादली कोणाची?

उंदीर म्हणतो, मी नाही. मी बिळात होतो.
बोका म्हणतो, मी नाही. मी सकाळी झोपलेला असतो.

मंगळवारी सकाळी बोका जागा होता. पंजे ओले होते. का होते, ते त्याने अजून सांगितलेलं नाही.