झऱ्याच्या शहराचा परिचय

“...मग या एवढ्याशा शहरात राहून मी आणखी काय शिकणार, गुरुजी?”

तरुण भिक्षू र्योकाईची मान खाली होती. प्रश्न मात्र ताठ होता.

क्योटोच्या मोठ्या मठाचं त्याला बोलावणं आलं होतं. गुरूंच्या परवानगीवाचून जाता येत नव्हतं, आणि जाण्यासाठी त्याचा जीव नुसता कासावीस झाला होता.

म्हाताऱ्या गेन्शो गुरुजींनी एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, नगरपालिकेला स्टेशनात लावायला शहराचा परिचय हवा आहे, तेवढा लिहून दे. पुढचं मग बोलू.

इझुमोरी म्हणजे जपानातलं डोंगरपायथ्याचं छोटं शहर. सगळ्यात वर मठ. मठाच्या अंगणात झरा. त्याचा पाट घराघरांच्या स्वयंपाकघरातून वाहत खाली तळ्याला मिळतो. वरच्याने वापरलेलं पाणी खालच्याच्या चुलीपाशी जातं. म्हणून तिथं पाटात कुणी थुंकतसुद्धा नाही.

मठाचाही शिरस्ता होता. शाईचा कुंचला बादलीत धुवायचा आणि ते पाणी झाडाच्या मुळाशी ओतायचं.

र्योकाईने सकाळभर लिहिलं. किल्ला आला, मेपलची दरी आली, लाखेच्या वाट्या आल्या. अक्षर तर असं उतरलं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. स्वतःवर भाळलेल्या माणसाला पायाखालचं कुठलं दिसायला? त्याने कुंचला सरळ पाटात बुडवला आणि छान खळखळून धुतला.

गुरुजींनी कागद वाचला.

“सुरेख. पण शहर कुठं आहे यात?”

गुरुजी उठले, काठी घेतली आणि पाटाच्या कडेने उतरू लागले. र्योकाई मागोमाग निघाला.

पहिलं घर तोफू करणाऱ्या कुनिहिको-सानचं. पहाटेपासून खपून केलेला तोफू पाटाच्या पाण्याने भरलेल्या कुंडात ठेवलेला होता. तो सगळा करडा पडला होता. कुनिहिको-सान मांडीवर हात ठेवून बसले होते. मठातली माणसं दिसताच त्यांनी उठून वाकून नमस्कार केला.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं र्योकाईला वाटलं.

पुढच्या घरात एक सून मुळ्याची टोपली पाण्याबाहेर धरून उभी होती. त्यापुढे म्हाताऱ्या मित्सुए-सान अर्धवट धुतलेल्या तांदळाचं भांडं घेऊन पायरीवर बसल्या होत्या.

“मठात आज काहीतरी मोठं लिहिणं निघालं असेल, म्हटलं,” त्या हसून म्हणाल्या. “थांबलो सगळे. पाणी काय, निवळतंच.”

र्योकाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तो तिथेच रस्त्यावर गुडघे टेकून बसला. कपाळ दगडाला लागलं.

“गुरुजी, तो कागद मी फाडून टाकतो. क्योटोलाही जात नाही...”



गुरुजी पाटाशी वाकले. करड्या पाण्याची ओंजळ भरली आणि शांतपणे पिऊन टाकली. बाहीने ओठ पुसले.

“क्योटोला जा,” ते म्हणाले. “तिथलं पाणीही कुणाच्या तरी घरात जात असेल.”