दहा मिनिटांची बॅटरी

लॅपटॉप उचलायला दोन हात लागायचे, त्या काळची ही गोष्ट. अशाच एका जुन्या लॅपटॉपला दुरुस्तीवाल्या इंदुताईंनी नवी, चपळ डिस्क बसवली. पण आत बायोस नावाची चिप दारावर बसलेली असे. ती डिस्कला म्हणाली, "माझ्या यादीत तुझं नाव नाही. आत सोडणार नाही."

इंदुताईंनी पेनड्राइव्ह लावला आणि चिपला नवी यादी शिकवायला घेतली.

ताटकळलेल्या डिस्कने राग काढला तो शेजारच्या बॅटरीवर. "वायर काढली की दहा मिनिटांत तू आडवी. तुला कशाला ठेवलंय इथे?" दहा मिनिटं ही गोष्ट खरीच होती; बॅटरी आता म्हातारी झाली होती.

यादी अर्धी शिकून झाली आणि वीज गेली.

चिपच्या तोंडचं पाणी पळालं. जुनी यादी पुसलेली, नवी अर्धवट. आत्ता बंद पडलं, तर लॅपटॉपचा कायमचा दगड होणार होता.

"अजून किती वेळ लागेल?" बॅटरीने विचारलं.

"सहा मिनिटं."

"मग घाई करू नकोस. नीट शिक."

सहा मिनिटं बॅटरीने एकटीने सगळं तोलून धरलं. मग पडदा उजळला आणि चिपने डिस्कचं नाव खणखणीत आवाजात पुकारलं. इंदुताईंनी टेबलावर थाप मारली.

आत शिरता शिरता डिस्क थबकली. "आजी, दमलात का हो?"

"छे गं," बॅटरी म्हणाली. "अजून चार मिनिटं आहेत. बोल, काय काम आहे?"