दादासाहेबांची मिशी

दहावीच्या परीक्षेसाठी फ्रेंचमध्ये टेबल ‘ती’ आणि पुस्तक ‘तो’ हे घोकून घोकून शाल्मली जेरीस आली होती. त्यातच शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब इंगवले वर्गात शिरले.

“टेबलाला बाई म्हणणारी कसली ही भाषा? हा वेडेपणा उद्यापासून बंद!” ते गरजले.

परीक्षा तोंडावर आलेली. फ्रेंच शिकवणाऱ्या देवस्थळी मॅडमनी हातातलं पुस्तक मिटलं.

शाल्मली वैतागून उठली. “दादासाहेब, मलाही हे पटत नाही. पण माझ्या आईचा पदर ‘तो’ आणि तुमची मिशी ‘ती’ कशी, तेवढं सांगा. नाहीतर मराठीही बंद करा.”

मिशीला पीळ भरणारा हात तिथेच थांबला. वर्ग खो खो हसला.

“चालू द्या तुमचं,” असं मॅडमकडे पाहून पुटपुटत दादासाहेब निघून गेले.

फ्रेंच बंद होता होता वाचलं. शाल्मलीने कपाळावर हात मारला आणि पुढचा धडा उघडला.