काचेच्या पेटीतला कंदील

एका गावात एक कंदील होता. गावाचं नाव सांगत नाही. नाव घेतलं की बाकीची गावं हुश्श करतात आणि गोष्ट आपली नव्हेच असं समजून निवांत होतात.

गावाच्या कडेला ओढा होता आणि ओढ्याच्या काठावर ख्रिस्ती लोकांचं छोटंसं चर्च होतं. ओढ्यावर पुलाऐवजी एक अरुंद दगडी फरशी होती. फरशीच्या एका अंगाला डोह, चांगला दोन पुरुष खोल. ओढ्यापलीकडे सगळी शेती. अलीकडे चर्चच्या मागे, टेकाडाच्या उतारावर, मजुरांची वस्ती. त्या वस्तीतल्या बाया सकाळी फरशी ओलांडून कांद्याच्या रानात कामाला जायच्या आणि दिवेलागणीनंतर परत यायच्या. चर्चच्या ओट्यावर, बरोबर फरशीसमोर, एक लोखंडी आकडा होता. त्याला हा कंदील टांगलेला असायचा. कंदील नाकासमोर धरून चाललं की पाणी वर आलेलं असलं तरी पाय फरशीवरच पडायचे.

कंदील आणला होता लूकबाबा नावाच्या पहिल्या प्रचारकाने. चर्चला भिंती नव्हत्या तेव्हा तो लिंबाला टांगत, भिंती झाल्यावर आकड्याला. रोज त्याची काच राखेने पुसायची, वात कातरायची, रॉकेल घालायचं आणि तो टांगायचा, हे काम तबिथाबाईचं. तिच्या आधी तिच्या सासूचं. तबिथाबाईला अक्षरओळख नव्हती. शास्त्र जेवढं कानावर पडलं तेवढंच तिला ठाऊक. पण एकदा ऐकलेलं ती विसरत नसे.

चर्चच्या पंचांमध्ये प्रमुख होते गमलिएल मास्तर. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत, बाकीच्या उपासना मास्तर चालवत. प्रकाश हा त्यांचा हातखंडा विषय. देवाचं वचन पावलांपुढचा दिवा कसं होतं, दिवा लावून कोणी मापाखाली झाकत नाही तर दिवठणीवर ठेवतो, आणि मग घरातल्या सगळ्यांना उजेड कसा मिळतो, हे ते असं रंगवून सांगत की बाया डोळ्यांना पदर लावत. बोलण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. तो हात रॉकेलच्या डब्याला मात्र कधी लागला नव्हता.

चर्चला पन्नास वर्षं पुरी व्हायची होती. मास्तरांनी पंचांना बोलावून घेतलं. म्हणाले, "लूकबाबांचा कंदील उन्हापावसात लोंबकळतोय. आपल्याला लाज वाटायला हवी." सगळ्या पंचांना एकदम लाज वाटली. सुताराकडून सागवानी चौकटीची काचेची पेटी आली, तालुक्याहून पितळी दिवठण आली. कंदील घासूनपुसून दिवठणीवर ठेवला, दिवठण पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप घातलं. उपासनेपुरता तो पेटवायचा असं ठरलं. किल्ली मास्तरांच्या कोटाच्या खिशात गेली.

"आन् आकड्याला काय टांगायचं, मास्तर?" तबिथाबाईने विचारलं.

"बघू. पुढच्या बैठकीत विषय घेऊ."

"बाया तर उद्याच येनार. बैठक कधी हाये?"

पंच हसले. मास्तर हसले नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, दिवा दिवठणीवर ठेवावा ही शास्त्राची आज्ञा आहे. आणि उजेड कोणाला? घरातल्यांना. टेकाडावरची वस्ती आपल्या घरातली आहे का? त्यांच्यातलं कोणी कधी उपासनेला आलंय?"

काय हा अर्थ! शास्त्रातल्या एका ओळीचं कुंपण करायचं आणि आपण आत बसून भजनं म्हणायची. चोराला निदान एवढं तरी ठाऊक असतं की आपण चोरी करतोय. इथे माणसांच्या पायापुढचा उजेड काढून घेतला आणि त्याला भक्ती असं नाव दिलं. तबिथाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण पंचांच्या पुढे बोलायची तिची पहिलीच वेळ. ती उठून घरी गेली.

त्या संध्याकाळी तिने घरातली रॉकेलची चिमणी नेऊन आकड्याला बांधली. वाऱ्याने ती विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. दुसऱ्या दिवशी तिने एका पंचाला गाठलं. तो म्हणाला, "तुझं खरं आहे, पण मास्तरांना विचार." दुसऱ्याला गाठलं. तोही तेच म्हणाला. खरं काय ते सगळ्यांना कळत होतं, आणि सगळे ते मास्तरांवर ढकलून मोकळे होत होते. आठ दिवस वस्तीतल्या बाया एकमेकींचा पदर धरून, चाचपडत फरशी ओलांडत राहिल्या.

मग शनिवार आला. दुसऱ्या दिवशी पन्नाशीचा सोहळा, म्हणून संध्याकाळी तयारीची उपासना होती. चर्च भरलं होतं. पेटीतला कंदील झगमगत होता. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि वरच्या अंगाला जोराचा पाऊस होऊन गेला होता. मास्तरांनी अर्थातच प्रकाशावर उपदेश सुरू केला.

ते निम्म्यावर आले असतील नसतील, तोच ओढ्याकडून आरोळी आली. एक नव्हे, चारपाच. तबिथाबाई दाराशीच बसली होती. ती बाहेर धावली. अंधार दाटला होता. पाणी फरशीवरून घोट्याच्या वर वाहत होतं आणि पलीकडून बायांचे आवाज येत होते. कोणीतरी ओरडत होतं, "फरशी कुठं हाये गं? दिसंना!" वस्तीतली हौसा त्यांच्यात होती, हे तबिथाबाईने आवाजावरून ओळखलं. हौसाच्या पाठीला तीन महिन्यांचं लेकरू बांधलेलं असायचं.

ती तशीच आत आली. थेट पुढे गेली.

"मास्तर, किल्ली द्या. बाया पान्यात हायेत."

"उपासना चालू आहे, बाई. जागेवर बस."

"हौसाचं लेकरू हाये पाठीला!"

मास्तरांनी लोकांकडे पाहिलं. भर उपदेशात एका बाईने आपल्याला अडवावं, हे त्यांना सोसेना. ते म्हणाले, "गीत घ्या. जरा मोठ्याने म्हणा." आणि लोकांनी गीत घेतलं! मोठ्याने घेतलं! बाहेरचा आक्रोश ऐकू येईनासा व्हावा इतक्या मोठ्याने. देवाच्या घरात माणसाचा आवाज बुडवायला देवाचंच गीत वापरलं. याहून मोठं पाप त्या गावात कोणी केलं नसेल, आणि ते सगळ्यांनी तालासुरात केलं.

मेजावर पितळी घंटा होती. गडबड करणाऱ्या पोरांना मास्तर तिने गप्प करत. तबिथाबाईने ती उचलली आणि पेटीवर घातली. काचेचे तुकडे झाले. गीत थांबलं. तिने आत हात घालून कंदील काढला. हात कापला, कोपरापर्यंत रक्त आलं. कोणाकडे न बघता ती बाहेर पडली.

ती थेट पाण्यात उतरली, फरशीच्या टोकाला गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि कंदील डोक्यावर धरला. "माझ्याकडं बघा!" ती ओरडली. "खाली बघू नका, उजेडाकडं बघा!" एकीच्या मागे एक अशा सात बाया आल्या. हौसा शेवटून दुसरी होती. लेकरू भिजून चिंब झालं होतं आणि गाव डोक्यावर घेत होतं. त्यांच्याबरोबरची एक शेळी तेवढी डोहात गेली. माणूस एकही गेलं नाही.

रविवारी सोहळा झाला. सोमवारी पंच बसले. कशासाठी? आकड्याला नवा कंदील आणण्यासाठी? छे! तबिथाबाईचा न्याय करण्यासाठी. पवित्र वस्तूची विटंबना, उपासनेत व्यत्यय आणि पेटीची नासधूस. तीन महिने प्रभुभोजन बंद, असं मास्तरांनी सुचवलं. दारात माणसं जमली होती. त्यांच्या मागे वस्तीतल्या बायाही येऊन उभ्या राहिल्या होत्या. चर्चच्या उंबऱ्यापर्यंत त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

"तुला काही म्हणायचंय?" मास्तरांनी विचारलं.

तबिथाबाईच्या हाताला फडकं बांधलेलं होतं.  प्रभुभोजनातल्या भाकरीच्या तुकड्याशिवाय तिचा महिना कधी गेला नव्हता. तरी ती उभी राहिली.

"मला वाचता येत न्हाई, मास्तर. ते दिव्याचं वचन येकडाव म्हना. मंग द्याल ती शिक्षा घेते."

मास्तरांना त्यात काय अवघड? त्यांनी घसा साफ केला. "दिवा लावून कोणी तो मापाखाली ठेवत नाही. दिवठणीवर ठेवतो. म्हणजे घरातल्या..."

त्यांची नजर दाराकडे गेली. हौसा लेकराला खांद्यावर घेऊन तिथे उभी होती. लेकराला खोकला झाला होता. ती बिचकतच म्हणाली, "आमाला वचन म्हाईत न्हाई, मास्तर. पन शनवारी राती आमी त्या उजेडाकडं चालत आलो, ते हे आपलंच घर हाये म्हनून आलो."

पुढचा शब्द मास्तरांच्या तोंडातून निघेना. चाळीस वर्षं पाठ असलेलं वचन, आणि 'सगळ्यांना' हा एवढासा शब्द त्यांना म्हणता येईना. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि किल्ली काढून मेजावर ठेवली. फुटलेल्या पेटीची किल्ली ते दोन दिवस सांभाळत होते. मग ते खाली बसले. शिक्षेचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

त्या संध्याकाळी तबिथाबाई काच पुसायला ओट्यावर बसली होती. मास्तर आले. कोट नव्हता. "राख इकडे दे," एवढंच म्हणाले, आणि शेजारी बसून काच घासू लागले. दोन्ही हात काळे झाले, तरी काच काही स्वच्छ होईना.

तबिथाबाईचा राग अजून गेला नव्हता. तो इतक्यात जाणारही नव्हता. पण तिने काच त्यांच्या हातून काढून घेतली नाही.

"आतून पुसा, मास्तर," ती म्हणाली. "काजळी आतल्या अंगानं धरती."

अंधार पडायच्या आत कंदील आकड्यावर गेला.

तात्पर्य: जो उजेड दुसऱ्याच्या पायापर्यंत पोचू दिला जात नाही, त्याचं वचन कितीही तोंडपाठ असलं तरी ते म्हणणारा अंधारातच बसलेला असतो.