रुमालाखालचा हात

“तुम्हीच सांगा, विश्वास ठेवावा कुणावर? दारात येऊन हात जोडतो त्याच्यावर, की येतच नाही त्याच्यावर?”

विरूपाक्षनं हे विचारलं इस्माईलशा फकिराला. मी तुम्हाला विचारतो. उत्तराची घाई नाही.

माझी शाळा म्हणाल तर तराजूपाशी झाली. माझे मामा तूर घेताना पोत्याच्या तोंडचा दाणा बघायचे नाहीत. खालची शिवण उसवून तळातली मूठ काढायचे. विकणारा चिडायचा. मामा शांतपणे म्हणायचे, “वरचा दाणा तू दाखवायला ठेवलास. मला घरी न्यायचाय तो खालचा.”

आता गोष्टीवर येतो.

विरूपाक्ष मेंगशेट्टी आमच्या पेठेतला मोठा डाळवाला. त्याची अव्वा, म्हणजे आई, गेल्यावर त्यानं तिच्या नावानं गंगव्वा ट्रस्ट काढला. विश्वस्त सगळे घरचेच, आणि जुना शेजारी म्हणून मी. तालुक्यातल्या लहान संस्थांना दर वर्षी मदत द्यायची. वाचनालय, गोशाळा, कुसुमताई बिराजदारांचं मूकबधिर मुलांचं वसतिगृह.

देण्याची रीत मात्र त्यानं बाजारातली ठेवली. आमच्याकडे जुने व्यापारी भाव तोंडानं बोलत नसत. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबायची. जितकी बोटं, तितका आकडा. नजर समोरच्याच्या डोळ्यांत. बघणाऱ्याला काही कळत नाही.

विरूपाक्ष संस्थावाल्यांनाही तसंच समोर बसवायचा, एक बोट म्हणजे एक लाख. म्हणायचा, कुणाला किती मिळालं हे झाकलेलं राहतं, मग हेवादावा नाही. वाचनालयाच्या गुरुजींना गुदगुल्या व्हायच्या. ते हसत सुटायचे आणि मिळेल तेवढ्यावर उठायचे. गोशाळेचे महाराज तयारीचे. त्यांनी एकदा याचीच बोटं पिरगाळली.

कुणी चार बोटं दाबली की हा दोन दाबणार, हे ठरलेलं. सगळेच फुगवून मागतात, अर्धी नुसती हवा असते, असं त्याचं म्हणणं. शिवाय त्याला गर्व होता की हात धरला की माणूस कळतो.

कुसुमताईंना फुगवता येत नव्हतं. गेल्या साली त्यांनी चार दाबली. त्यानं दोन. त्यांनी पुन्हा चार. त्यानं पुन्हा दोन. मग त्यांचा हात सैल पडला... आणि नमस्कार करून त्या निघून गेल्या.

त्या पैशात भागेना म्हणून रात्री मुलांजवळ झोपणारी बाई त्यांना कमी करावी लागली.

थंडीत भागू नावाची मुलगी तापानं फणफणली. त्या मुलांना हाक मारता येत नाही. आणि अंधारात खुणा कुणाला दिसणार...

सकाळी कळलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

भागू विरूपाक्षला माहीत होती. आम्ही वसतिगृह बघायला गेलो तेव्हा तिनं त्याचा अंगठा मुठीत धरला होता. त्याला ओढत नेऊन स्वयंपाकघर दाखवलं, हौद दाखवला, आणि गाडीपर्यंत अंगठा सोडला नाही. कुणाशी बोलायचं तर ती तसंच बोलायची. विरूपाक्षनं ते पेठेत हसून हसून सांगितलं होतं.

यंदा कुसुमताई मागायला आल्याच नाहीत.

विरूपाक्षला ते झोंबलं. त्या संध्याकाळच्या ट्रस्टच्या सभेत वसतिगृहाचं नाव कायमचं काढायचं त्यानं ठरवलं. ते काढलं की वसतिगृहाला कुलूप, हे त्यालाही ठाऊक होतं. मी म्हणालो, तुझी अव्वा इस्माईलशा बाबांना विचारल्याशिवाय असलं काही करत नसे. दर गुरुवारी भाकरी घेऊन जायची. एकदा जाऊन तरी ये.

“चला काका,” तो म्हणाला. “फकीर काय दलाली सांगतो तेही बघू.”

बाबा बसायचे बाजाराबाहेर, दर्ग्याच्या चिंचेखाली. महारोगानं त्यांची बोटं फार पूर्वीच खाल्ली होती. रोग बरा झाला, बोटं गेली ती गेली. दोन्ही हात कायम गोधडीत, भर उन्हाळ्यातही. मला ठाऊक होतं. विरूपाक्ष पहिल्यांदाच आलेला. त्याला सांगायचं माझ्या मनातही आलं नाही.

दुपार टळटळीत होती. चिंचेचं पान हलत नव्हतं.

विरूपाक्षनं तो प्रश्न विचारला. वर सगळी कैफियतही मांडली. बाईनं निमूट दोन घेतले, तेव्हा तक्रार नाही. आता पोर गेली तर लोक ट्रस्टकडे बोट दाखवतात. आणि बाई तोंड दाखवत नाही. अशा माणसावर विश्वास कसा ठेवायचा?

बाबा ऐकत होते. मग विचारलं, “हात धरला की तुला माणूस कळतो म्हणे?”

“आजवर चुकलो नाही.”

“रुमाल आहे?”

विरूपाक्ष माझ्याकडे बघून हसला. खिशातला रुमाल काढला, दोघांच्या मधल्या दगडावर हात ठेवला आणि वर रुमाल पसरला.

“कुणाच्या वतीनं बसताय बाबा? दर्ग्याच्या?”

“बाईच्या जागी कोणी तरी बसायला हवं ना...”

रिवाजाप्रमाणे विरूपाक्षनं बाबांच्या डोळ्यांत नजर लावली.

मी शेजारी बसलो होतो. मला रिवाजाचं बंधन नव्हतं. मी खाली बघत होतो.

बाबांचे दोन्ही हात गोधडीत होते.

रुमाल हलला.

पलीकडच्या कडेनं तो जरासा उचलला गेला, खाली मांजराचं पिल्लू शिरावं तसा. मग विरूपाक्षच्या हातापाशी येऊन थांबला.

मला बाबांना हाक मारायची होती. मी रुमालाकडेच बघत राहिलो.

विरूपाक्षच्या तोंडावर अजून हसू होतं. “चार,” तो माझ्या बाजूला तोंड न वळवता पुटपुटला. “काका, बाबा पण चारच मागतायत.” त्याचं मनगट हललं. दोन दिले असणार.



“पुन्हा चार...”

त्यानं पुन्हा दोन दिले. रुमालाखाली सगळं स्थिर झालं. आणि त्याचं हसू हळूहळू मावळलं.

“बाबा, तुमचा हात केवढासा आहे...”

रुमालाखाली त्याची बोटं चाचपत होती.

“आणि भाजतोय. अंगात ताप आहे तुमच्या.”



विरूपाक्षनं हात मागं घ्यायला पाहिलं. शंभर किलोचं पोतं एका झटक्यात फिरवणारा गडी तो. हात निघेना. कपाळावर घाम आला.

“अंगठा धरलाय,” तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. “काका... अंगठा सोडत नाही.”

मी काय करणार होतो? रुमाल उचलायचं धाडस मला झालं नाही. आजही झालं नसतं.

मग त्याचं मनगट सावकाश हललं. किती बोटं दाबली ते मला दिसलं नाही. पण तो रडत होता, आणि नजर मात्र रिवाजाप्रमाणे बाबांच्या डोळ्यांतच होती.

रुमाल खाली बसला. जसा दगडावर टाकलेला रुमाल बसतो, तसा.

तेव्हा कुठे बाबांनी गोधडीतून हात बाहेर काढले. दोन्ही. तळव्यांपुढं काही नव्हतं. त्या हातांनी त्यांनी रुमाल हलकेच विरूपाक्षकडे सरकवला.

विरूपाक्षनं ते हात पाहिले. मग स्वतःचा अंगठा पाहिला. त्यावर बारीक बोटांचे लाल वळ होते...

चिंचेवर एक पक्षी ओरडला आणि गप्प झाला.

“चार देतो,” तो म्हणाला. “सभेआधी स्वतः जाऊन देतो. गेल्या सालचे राहिलेले दोनही देतो. पायांवर डोकं ठेवतो कुसुमताईंच्या.”

बाबांनी हात परत गोधडीत घेतले.

“दिलेलं तर सगळेच लिहितात, शेठ. कापलेलंही लिहीत जा. तुझ्या अव्वाच्या भाकरीची आण, हिशेब खरा ठेव.”